रूममेटला पोस्ट मिळाली, आणि माझं पुस्तक उघडत नाही

प्रश्न, थोडक्यात: मी लातूर जिल्ह्यातली, वय 27. चार वर्षांपासून पुण्यात नवी पेठेत राहून राज्य लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) संयुक्त गट-ब परीक्षेची तयारी करते. तीन वर्षं एकाच खोलीत राहिलेली माझी मैत्रीण यंदा एएसओ, म्हणजे सहायक कक्ष अधिकारी, झाली. निकालाच्या पीडीएफमध्ये तिचं नाव मीच शोधून दिलं. माझी निवड दीड गुणानं हुकली. तेव्हापासून पुस्तक उघडलं की तिचाच चेहरा समोर येतो. आम्ही तीच पुस्तकं वाचली, एकाच मेसला जेवलो, मग माझ्यातच काय कमी आहे? सगळे म्हणतात तुलना करू नकोस. ती थांबवायची कशी? शनिवारी क्लासमध्ये तिचा सत्कार आहे आणि रविवारी ती खोली सोडून मुंबईला जाते आहे. सत्काराला जायचं धाडस होत नाही. मी वाईट मैत्रीण आहे का?

उत्तर:

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तोच तुला सगळ्यात जास्त खातो आहे. नाही, तू वाईट मैत्रीण नाहीस. यादीत आधी तिचं नाव शोधणारी तू आणि तासाभरानं बाथरूमचं दार लावून रडणारी तू, या दोघी एकच मुलगी आहेत. तू फक्त दुसरीला खरी धरलंस आणि पहिलीला खोटं ठरवलंस. मैत्रिणीचा आनंद आणि स्वतःचं दुःख एकाच दिवशी एकाच खोलीत आलं, तर मनाची ओढाताण होणारच. त्यावरून मैत्रीची परीक्षा घेऊ नये.

तुला 'अगं' म्हणूनच लिहिते. एकवीस वर्षं मी पुण्यात समुपदेशनाचं काम करते आहे आणि त्यातली बरीच वर्षं सदाशिव, नारायण आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांमधल्या पोरापोरींसोबत गेली आहेत. निकालानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये नुसती नापास झालेली मुलं कमी असतात. ते दुःख मुलं चहाच्या टपरीवर आपापसात वाटून घेतात. माझ्यापर्यंत येतात ती बहुतेक 'मी राहिलो आणि शेजारच्या टेबलावरचा गेला' असं सांगणारी. तू लिहिलंस ते सगळं मी अनेक तोंडांनी ऐकलं आहे. चेहरा समोर येणं, पुस्तकातली ओळ तीन-तीनदा वाचूनही डोक्यात न शिरणं, मेसमध्ये कोपऱ्यातलं टेबल धरणं, गावाकडून फोन आला की तो वाजू देणं.

'तुलना करू नकोस' हा सल्ला मी कुणालाच देत नाही. तो पाळता येत नाही, आणि पाळता आला नाही म्हणून माणूस स्वतःवर आणखी चिडतो. लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1954 साली एक साधी गोष्ट मांडली. आपण कुठे आहोत हे मोजायला जिथे पक्की फूटपट्टी नसते, तिथे माणूस दुसऱ्या माणसालाच फूटपट्टी करतो. आणि त्यासाठी तो कुणालाही धरत नाही, आपल्यासारख्यालाच धरतो. तुझ्या तालुक्यातलं कुणी आयएएस झालं तर तू त्याचा फोटो आनंदानं स्टेटसला ठेवशील. त्याच्याशी तुझी बरोबरी नाही, म्हणून तो डोळ्यांत खुपत नाही. खुपते ती वयानं, परिस्थितीनं, पुस्तकांनी आणि मेसच्या डब्यानंसुद्धा तुझ्यासारखीच असलेली रूममेट.

एब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञानं पुढे 1980 च्या दशकात यात आणखी एक धागा जोडला. जवळच्या माणसाचं यश आपल्याला आनंद देईल की टोचेल, हे ते यश कोणत्या बाबतीतलं आहे यावर ठरतं. तुझी मैत्रीण उद्या कथ्थकच्या स्पर्धेत पहिली आली असती, तर तू खोलीभर नाचली असतीस. कारण कथ्थकवर तू तुझी ओळख उभी केलेली नाहीस. पण गेली चार वर्षं 'तू काय करतेस?' याला तुझ्याकडे एकच उत्तर आहे आणि ती नेमकी त्याच उत्तरात पुढे गेली. माणूस जितका जवळचा आणि बाब जितकी जिव्हाळ्याची, तितकी टोचणी खोल. ही टोचणी कमी करायला मन दोन पळवाटा शोधतं, असंही टेसर म्हणतो. एक तर त्या माणसापासून लांब जायचं, नाहीतर ती बाबच आपल्याला नको होती म्हणायचं. सत्काराला न जाण्याचा विचार ही पहिली पळवाट. 'मला तरी कुठे सरकारी नोकरी करायची होती' असं एखाद्या रात्री मनात आलं असेल, तर ती दुसरी. दोन्ही नैसर्गिक आहेत. मात्र पहिलीत मैत्रीण जाते आणि दुसरीत चार वर्षांच्या मेहनतीशी खोटं बोलावं लागतं. म्हणून मी तिसरी वाट सांगणार आहे.

त्याआधी दीड गुणाबद्दल. हा दीड गुण तुला वीस गुणांपेक्षा जास्त छळणार आहे, त्याची तयारी ठेव. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या पदकविजेत्यांच्या चेहऱ्यांचं चित्रीकरण घेऊन मेडवेक, मेडी आणि गिलोविच या तिघांनी एक अभ्यास केला आणि तो 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. निकाल लागला त्या क्षणी कोण किती आनंदी दिसतं, याला बघणाऱ्यांनी दहापैकी गुण दिले. रौप्यपदकवाल्यांना सरासरी 4.8 मिळाले आणि कांस्यपदकवाल्यांना 7.1. दुसरा आलेला तिसऱ्यापेक्षा दुःखी, कारण दुसऱ्याची नजर हुकलेल्या सोन्यावर असते आणि तिसऱ्याची नजर जो चौथा आला त्याच्यावर. तू गेला महिनाभर हेच करते आहेस. दीड गुण म्हणजे कोणते दोन प्रश्न, ते बरोबर आले असते तर आज काय झालं असतं, याचा सिनेमा रोज रात्री चालतो. त्या सिनेमात तू मोजत नाहीस ते असं, की चार वर्षांपूर्वी याच परीक्षेचा पूर्वपरीक्षेचा कट-ऑफसुद्धा तुला लांब वाटत होता. तो आता मागे पडला आहे. तेही दीड गुणाइतकंच खरं आहे.

आता तिसरी वाट. मी मुलांना एक खूण सांगते आणि ती आपल्या भाषेत फार सोपी पडते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. मनात तुलनेचं वाक्य आलं की त्याच्या शेवटी काय येतं ते बघायचं. 'ती हुशार आहे, मी मठ्ठ आहे.' 'तिचं नशीब चांगलं आहे.' 'माझ्यात काहीतरी कमी आहे.' ही सगळी वाक्यं 'आहे'वर संपतात, आणि 'आहे'पुढे करण्यासारखं काही उरत नाही. आता हे वाक्य बघ. 'ती पेपरच्या आदल्या आठवड्यात नवीन पुस्तक उघडत नाही, मी उघडते.' हीसुद्धा तुलनाच आहे. पण ती उघडणं, वाचणं, लिहिणं, सोडणं अशा क्रियेवर संपते आणि तुझ्या हातात काहीतरी ठेवते. तुलना माणसाची माणसाशी झाली की निकाल लागतो. कामाची कामाशी झाली की धडा मिळतो. तुला तुलना सोडायची नाही, तिला 'आहे'वरून ओढून क्रियेवर आणायचं आहे.

काही वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. तुझ्यासारखीच रूममेटची गोष्ट. प्रत्येक टेस्टमध्ये रूममेटला आठ-दहा गुण जास्त. 'मॅडम, तिचं डोकंच वेगळं आहे, मी कितीही केलं तरी तिच्यापुढे जाणार नाही.' मी म्हटलं, ठीक आहे, पुढच्या वेळी दोघींच्या एकाच टेस्टच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका घेऊन ये. रूममेटनं आढेवेढे न घेता दिल्या, हे त्या रूममेटचं मोठेपण. माझ्या टेबलावर आम्ही दोन्ही संच शेजारी-शेजारी ठेवले. शंभर प्रश्न, शंभर गुण, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. हिनं 96 सोडवलेले, 57 बरोबर, 39 चूक, हातात 47.25. रूममेटनं 95 सोडवलेले, 65 बरोबर, 30 चूक, हातात 57.5. सव्वादहा गुणांचा फरक. हिच्या मते हा डोक्यातला फरक होता.

मग आम्ही प्रत्येक चुकीला कारण लावत गेलो. पेन्सिलीनं, चार खुणा. माहीतच नव्हतं. दोन पर्यायांत अडकले आणि चुकीचा धरला. आकडेमोड चुकली. प्रश्नच चुकीचा वाचला. जवळजवळ दोन तास लागले. हिच्या 39 चुकांत माहीत नसलेले 14, दोन पर्यायांत अडकलेले 11, आकडेमोडीचे 5 आणि प्रश्न चुकीचा वाचलेले 9. रूममेटच्या 30 चुकांत माहीत नसलेले 12, अडकलेले 13, आकडेमोडीचे 4 आणि चुकीचा वाचलेला फक्त 1. ती मुलगी त्या आकड्यांकडे बघतच राहिली. माहिती जवळपास सारखी. दोन पर्यायांत तर रूममेटच जास्त अडखळली होती. सगळी तफावत त्या शेवटच्या ओळीत, 9 आणि 1 मध्ये होती.

आणि हे 9 प्रश्न कसले? 'खालीलपैकी अयोग्य विधान ओळखा.' हिनं योग्य विधान ओळखून गोल भरले होते. मग आम्ही रूममेटची प्रश्नपत्रिका नीट बघितली, तर तिनं अशा प्रत्येक प्रश्नात 'अयोग्य' या शब्दाभोवती निळ्या पेनानं गोल केला होता. शंभर प्रश्नांत जिथे-जिथे 'अयोग्य', 'नाही', 'वगळता' आलं होतं तिथे निळा गोल. तीन वर्षं 'वेगळं डोकं' म्हणून जे हिला रात्री जागवत होतं, त्यातला बराचसा भाग हा निळा गोल होता. पुढच्या टेस्टपासून हिनं तेच सुरू केलं. पहिल्या दोन टेस्टना घाईत विसरली, तिसरीपासून हात बसला. त्या प्रकारच्या चुका 9 वरून 2-3 वर आल्या. तिला पोस्ट मिळाली की नाही हे मी मुद्दाम सांगत नाही, कारण मग तू पुन्हा तिच्याशी तुलना करायला बसशील.

दरवेळी एवढं सोपं उत्तर निघत नाही, हेही सांगायला हवं. कधी दोन्ही पेपर शेजारी ठेवल्यावर खरंच दिसतं की समोरच्याचा अर्थशास्त्राचा पाया पक्का आहे आणि आपला कच्चा. कधी दिसतं की त्याचं इंग्रजी शाळेपासूनच चांगलं आहे. पण तेव्हासुद्धा 'तो हुशार आहे' याच्या जागी 'मला महागाई आणि चलनवाढीचे प्रश्न येत नाहीत' हे वाक्य हाती येतं. त्यावर महिना लावता येतो. 'तो हुशार आहे' यावर जन्म लावूनही काही होत नाही. आल्बर्ट एलिस यानं 1955 पासून जी उपचारपद्धती उभी केली, जिला आपण मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतो, तिचा गाभाही हाच आहे. कृतीला गुण द्या, अख्ख्या माणसाला गुण देऊ नका. आयोगानं तुझ्या एका दिवसाच्या काही तासांच्या उत्तरांना गुण दिले आहेत. तुला दिलेले नाहीत.

टॉपरच्या मुलाखती आणि सत्कार-समारंभातली भाषणं ऐकावीत का, हे मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. माझं उत्तर असं, की तू किती वर्षांची विद्यार्थी आहेस त्यावर ते अवलंबून आहे. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात पेनेलोपी लॉकवुड आणि झिवा कुंडा यांनी अकाउंटिंगच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षातल्या एका अत्यंत यशस्वी विद्यार्थ्याची गोष्ट वाचायला दिली. 1997 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती वाचून हुरूप आला, कारण त्यांच्याकडे अजून वेळ होता. चौथ्या वर्षाच्या मुलांना मात्र तसा हुरूप आला नाही. कारण तिथवर पोचायची त्यांची वेळ निघून गेली होती. गोष्ट तीच, पण ऐकणाऱ्याला ती जमण्यासारखी वाटते की नाही यावर ती टॉनिक ठरते किंवा विष. आपल्याकडे पहिल्याच वर्षी पुण्यात उतरलेला मुलगा टॉपरचं भाषण ऐकून रात्री दोनपर्यंत अभ्यासिकेत बसतो. पाचव्या वर्षाचा मुलगा तेच भाषण ऐकून मागच्या दारानं निघून जातो. तो आळशी नसतो. त्याला 'पहिल्याच प्रयत्नात' हे दोन शब्द ऐकू आलेले असतात आणि नंतरचं काहीही ऐकू आलेलं नसतं. तू चौथ्या वर्षात आहेस. यशोगाथा सध्या बंद ठेव. ऐकायचंच असेल तर तीन-चारदा राहून मग निघालेल्या माणसाला प्रत्यक्ष भेट आणि 'शेवटच्या वर्षी काय बदललंत?' एवढंच विचार.

टेलिग्रामचं तर मी कळकळीनं सांगते. पहिली उत्तरतालिका आली की ग्रुपवर 'किती येतायत?' सुरू होतं. तिथे कोण आकडा टाकतं? ज्याला चांगला आला तो. ज्याला चाळीस आले तो गप्प वाचत बसतो. मग शंभर जणांचे आकडे बघून तुला वाटतं की अख्ख्या महाराष्ट्राला आपल्यापेक्षा जास्त आहेत. त्यात काही आकडे अंदाजे असतात, काही फुगवलेले असतात. अंतिम उत्तरतालिकेत प्रश्न रद्द होतात, उत्तरं बदलतात. तरी त्या तीन-चार दिवसांत मुलं मुख्य परीक्षेचा अभ्यास सोडून देतात. पात्र ठरली तर तेवढे दिवस फुकट गेलेले असतात. आयोग जो कट-ऑफ जाहीर करेल तो एकच आकडा तुझ्या कामाचा. बाकी सगळे निवडक लोकांनी निवडक वेळी बोललेले आकडे आहेत.

'एकच पुस्तकं, एकच मेस, मग माझ्यातच काय कमी?' असं तू विचारलंस. यात एक हिशेब राहिला आहे. खोली एक होती, पण त्या खोलीपर्यंत आलेले रस्ते एक होते का? तुझ्या घरून महिन्याला पैसे येतात, ते कसे येतात हे तुला माहीत आहे. सोयाबीनचे भाव पडले त्या वर्षी तू टेस्ट सिरीज लावली होतीस का? ती शाळेत कुठल्या माध्यमात होती? तिनं गणित बारावीपर्यंत घेतलं होतं आणि तू कला शाखेतून आलीस, असं तर नाही ना? याची उत्तरं मला माहीत नाहीत. हे विचारते ते तिचं यश कमी करायला नाही. दोन माणसं एकाच जागी उभी दिसली म्हणून ती एकाच जागेवरून निघाली होती असं होत नाही, एवढंच. आणि नशीब हा शब्द आपण एरवी नको तिथे वापरतो, पण दीड गुणाच्या अंतरात दोन-तीन प्रश्नांचा योग असतो, हे मान्य करायला लाजू नये. तुझ्या दीड गुण पुढच्या मुलीला आणि तुला वेगळं करणारी गोष्ट बुद्धी असेलच असं नाही.

आणखी एक गोष्ट तुझ्या बाबतीत नसेलही, पण गावाकडून आलेल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत असते. दहावीला शाळेत पहिली, तालुक्याच्या कॉलेजात पहिली, आणि पुण्यात आल्यावर अभ्यासिकेत जिकडे बघावं तिकडे आपापल्या शाळेतले पहिलेच बसलेले. ऑस्ट्रेलियात दीर्घकाळ काम केलेल्या हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञांनी यावर पुष्कळ अभ्यास केला आहे. सारख्याच क्षमतेचा विद्यार्थी हुशारांच्या घोळक्यात गेला की स्वतःला कमी समजायला लागतो, क्षमता तेवढीच असूनही. छोट्या तळ्यातला मोठा मासा मोठ्या तळ्यात लहान दिसतो, पण माशाचं वजन तेच असतं. पहिल्या वर्षीच हे कुणी समजावून सांगितलं तर पुष्कळ मुलं वाचतील असं मला वाटतं.

घरच्यांबद्दल तू लिहिलं नाहीस, म्हणजे तिथेही काहीतरी आहे असं मी धरते. आईनं फोनवर 'अमकीची पोरगी लागली बघ' म्हटलं की ते टोमण्यासारखं लागतं. बहुतेक आयांना त्यातून काळजी सांगायची असते, त्यांच्याकडे ती सांगायला दुसरं वाक्य नसतं. भांडू नकोस, पण सांग मात्र. 'आई, मला माहीत आहे तुला काळजी आहे. पण माझ्यापुढे तिचं नाव महिनाभर काढत जाऊ नको. मी काय वाचते ते विचार, मी सांगत जाईन.' एवढंच आणि मग खरंच सांगत जा. मुलं अभ्यासाबद्दल घरी काहीच बोलत नाहीत, म्हणून घरचे शेजारच्या पोरांबद्दल बोलतात, हेही मी खूपदा पाहिलं आहे.

आता अवघड भाग. कामाची कामाशी तुलना केली तर कधीकधी ती सांगते की थांबायला हवं, किंवा निदान दुसरा रस्ता बरोबर चालू ठेवायला हवा. एएसओसारख्या पदांची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 अशी लांब असल्यामुळे 'अजून एक वर्ष' म्हणायला कुणी अडवत नाही. तुझा दीड गुणांचा फरक तुला पुढे जा म्हणतो आहे, असं मला वाटतं. पण ज्याचा फरक सलग चार वर्षं पंचवीस गुणांच्या आसपास आहे आणि चुकांची यादी तशीच राहिली आहे, त्याला मी गोड बोलत नाही. नोकरी धर आणि अभ्यास उरलेल्या वेळात कर, असं स्पष्ट सांगते. तुझ्यासाठीही आजच एक तारीख लिहून ठेव, किती प्रयत्न आणि त्यानंतर काय. ती तारीख मैत्रिणीच्या प्रगतीकडे बघून ठरवायची नाही, तुझ्या गेल्या चार निकालपत्रकांकडे बघून ठरवायची.

एक गोष्ट डॉक्टरी आहे, ती हलक्यात घेऊ नकोस. पुस्तक न उघडणं महिनाभर चाललं आहे. त्याच्या जोडीला झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, सकाळी उठावंसं वाटत नसेल किंवा 'मी नसते तर बरं' असा विचार एकदाही डोकावून गेला असेल, तर हा तुलनेचा प्रश्न उरला नाही. मग माझं उत्तर वाचत बसू नकोस. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी क्रमांक आहे, विनाशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. आणि जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घे. खोलीतल्या कुणाला तरी बरोबर ने.

राहिले शनिवार आणि रविवार. शनिवारच्या सत्काराला गेलीच पाहिजेस असं मी म्हणणार नाही. तिथे गुच्छ असतील, फोटो असतील, 'आणि तुझं काय झालं गं?' विचारणारे चार जण असतील. आज ते सोसायची तुझी ताकद नसेल तर जाऊ नकोस. पण कारण खोटं सांगू नकोस. आजारी आहे म्हणू नकोस, गावी जायचंय म्हणू नकोस. तिला आदल्या रात्रीच सांग, 'मला तुझा आनंद आहे आणि मला माझं रडूही येतंय. उद्या गर्दीत मला जमणार नाही. रविवारी सामान बांधायला मी आहे.' तीन वर्षं एका खोलीत राहिलेल्या मुलीला हे वाक्य समजतं. कदाचित तिलाही हायसं वाटेल. निकाल लागल्यापासून तीही तुझ्यासमोर हसायला घाबरत असेल.

रविवारी सामान बांध. पुस्तकं ती बहुतेक तुला देऊनच जाईल, सगळे देतात. तू पुस्तकं मागू नकोस, ती तुझ्याकडेही आहेत. तिच्या गेल्या दोन वर्षांच्या टेस्टच्या प्रश्नपत्रिका माग. रद्दीत टाकायच्या असतील तर त्या आधी तुझ्या हातात घे. ज्यांवर तिनं पेनानं काहीबाही लिहिलंय, खाडाखोड केली आहे, समासात आकडेमोड केली आहे, त्याच हव्यात. तिला सोबत बसवून एका पेपरवर तासभर विचार, हा प्रश्न तू का सोडलास, इथे तू परत का आलीस, इथे काय खोडलंस. तुझा तोच पेपर शेजारी ठेव. पेन्सिल टोकदार करून ठेव, दोन तास लागतात.